झोपेचा कायदा आणि छत्रधारीण

एका राज्यात राजे बंद झाले होते. लोकांनीच बंद केले होते. शेवटच्या राजाला मर्जीचा आजार होता. सकाळी मर्जी झाली की नदीला उलटं वाहायचा हुकूम, दुपारी मर्जी झाली की कावळ्यांना चुना फासायला फौज रवाना. अखेर एका जोगिणीनं सिंहासनालाच शाप दिला : यावर बसून जो आपल्या मर्जीनं राज्य हाकील, तो अंगठ्यापासून वर लाकूड होत जाईल. राजा हसला आणि जेवणं व्हायच्या आत लाकूड झाला. लोकांनी त्याचा खांब करून गोठ्याला लावला. म्हशी त्याला अंग घासत.

मग लोकांनी नीट व्यवस्था लावली. कायदे सभेनं करायचे. सभेत ज्याच्या मागे जास्त माणसं, त्यानं प्रधान होऊन कारभार पाहायचा. आणि सिंहासनावर गावोगावच्या पंचांनी निवडलेलं एक माणूस बसवायचं, त्याला म्हणायचं छत्रधारी. छत्र त्याचं, फौज त्याची, हुकूम त्याच्या नावाचा. पण शिक्का उठायचा तो प्रधानाच्या सल्ल्यानं. काय चालतं आणि काय चालत नाही, हे सांगायला सिंहासनाच्या हातावर एक साळुंकी बसे. ती कुणाची भीड ठेवत नसे.

अशा त्या सिंहासनावर म्हाळसाबाई आली. प्रधान मकरंदसेनानंच तिचं नाव पुढे केलं होतं. का, तर बाई मान डोलावण्याबद्दल प्रसिद्ध. तिचे यजमान कोंडोपंत जन्मभर बोलत राहिले. जेवताना बोलत, आंघोळ करताना बोलत, दिवा मालवल्यावर तर फारच बोलत. म्हाळसाबाई मान डोलावत राहिली, कारण मध्ये बोलायला फट मिळालीच नाही. पंत गेले, बाईनं रीतसर शोक केला, आणि मग आडवी होऊन आयुष्यात पहिल्यांदा पोटभर झोपली. तेव्हापासून झोप हाच तिचा दागिना. मकरंदसेनाला यातलं मान डोलावणं तेवढं ठाऊक होतं.

एके सकाळी तो ताम्रपट घेऊन आला.

"बाईसाहेब, सभेनं कायदा केला आहे. शिक्का असावा."

"कसला कायदा?"

प्रधान चपापला. आजवर कुणी विचारलं नव्हतं. "प्रजेची झोप राज्यात जमा करण्याचा. कंकाळनाथ मांत्रिक ती तांब्याच्या रांजणात साठवतील. प्रजा निम्मं आयुष्य लोळून काढते. यापुढे सगळे अखंड काम करतील."

"आणि रांजणातली झोप कोण झोपणार?"

"कंकाळनाथ," प्रधान हळूच म्हणाला.

या कंकाळनाथानं अमर होण्याच्या नादात भलताच मंत्र म्हटला होता. अमर झाला नाही, पण झोप मात्र उडाली. डोळे उघडे ते उघडेच. माशा येऊन बसत. त्यानं सभेला मऊ मऊ गाद्या भेट दिल्या होत्या. गादीवर बसलं की माणूस घोरायला लागे, आणि प्रधानानं टाळी वाजवली की घोरणाऱ्याचा हात आपोआप वर होई. सभा बरेच दिवस अशी एकमतानं चालली होती. झोप काढून घेण्याचा कायदा झोपलेल्या सभेनं हात वर करून संमत केला, तो असा.

म्हाळसाबाई कडाडली, "नाही मारत शिक्का! जा, काय करायचं ते कर!"

टक्. तिच्या डाव्या पायाचा अंगठा सागवानी झाला.

"साळुंके, हे गं काय?"

"बाई, नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. विचारायचा आहे, तो वापरून झाला."

"आणखी काय आहे? सगळं एकदम सांग. मेली, तुकड्या तुकड्यानं बोलतेस."

"ठेवून घ्यायचा आहे. किती दिवस, ते कुणी लिहिलेलं नाही."

बाईनं ताम्रपट उशाखाली ठेवला. प्रधान रोज येई, "झाला का विचार?" म्हणून विचारी. बाई म्हणे, "चालू आहे हो. बायकांचं डोकं, वेळ लागतो." प्रधान दात ओठ खात परत जाई. तिकडे कंकाळनाथ बुरुजावर रिकाम्या रांजणाशेजारी उभा राहून जांभया देई, आणि झोप येत नसल्यामुळे त्या जांभया नुसत्याच वाया जात. बाईला मोठी मजा वाटू लागली. कायमचाच दाबून ठेवू, असं तिच्या मनात आलं मात्र, आणि टक् टक् टक्, लाकूड घोट्यापर्यंत चढलं.

"आता काय केलं मी?"

"विचार करायला ठेवला होतात. आता जिरवायला ठेवलाय. ही मर्जी झाली," साळुंकी म्हणाली. "तिसरा अधिकार उरला आहे. सभेकडे परत पाठवा. पण एकदाच. तसाच्या तसा पुन्हा आला, तर शिक्का मारावाच लागेल."

प्रधानाला हे कळलं तेव्हा तो मोकळेपणी हसला. "पाठवा की, बाईसाहेब. दुपारी पाठवा, संध्याकाळपर्यंत तसाच परत आणतो. टाळीच तर वाजवायची."

म्हाळसाबाई पाटावर बसून राहिली. समोरच्या भाताला हात लावला नाही. आता शिक्का मारायचा तिनंच. उद्या तान्ह्या पोरांचे डोळे टक्क उघडे राहतील, बाळंतिणी भिंतीला टेकून जागतील, आणि हुकमाखाली नाव असेल म्हाळसाबाईचं. आणि तिची स्वतःची झोप! कुठे चार वर्षं मिळाली म्हणावं, तर ती जाणार एका माशा बसलेल्या मांत्रिकाच्या घशात.

"साळुंके, कायदा परत पाठवायचा तो हुजऱ्याच्या हातीच का? मी घेऊन गेले तर?"

साळुंकीनं मान वाकडी केली. "चालतं. आजवर कुणाला उन्हात जावंसं वाटलं नाही, एवढंच."

"मी सभेत गेले की काय होतं?"

"होणार काय? शिंग वाजतं, सगळे उठून उभे राहतात. छत्र उभं असेतो कुणी बसायचं नसतं. नुसता मान असतो, बाई. त्याला अधिकार म्हणत नाहीत."

"न म्हणू देत," म्हाळसाबाई म्हणाली आणि भात कालवू लागली. पोटभर जेवली.

दुपारी शिंग वाजलं. छत्र डुलत डुलत सभेत शिरलं. रिवाज तो रिवाज. सगळे सभासद झोपेतच उठून उभे राहिले. गाद्या सुटल्या आणि एकेकाचे डोळे उघडले. कुणी म्हणे कुठं आहोत, कुणी म्हणे हा कोणता महिना.

मकरंदसेन धावत आला. "बाईसाहेब, इथं आपण आपलं मत बोलू शकत नाही!"

"मत कोण बोलतंय?" बाईनं ताम्रपट डोळ्यांजवळ धरला. "कायदा तुमचाच. वाचून दाखवते, एवढंच."

"चालतं," छत्राच्या दांड्यावर बसून आलेली साळुंकी म्हणाली.

बाई वाचू लागली. एकेक अक्षर फोडून, सुपारी कातरावी तसं. प्रधान हळूच म्हणत होता, "बसा, बसा, दमला असाल." पण छत्र उभं होतं. बसणार कोण? पहिल्या ओळीला सभासदांनी पाय बदलले. दुसऱ्या ओळीला ते एकमेकांकडे बघू लागले. तिसरी ओळ आली : "लहानथोर, राव-रंक, सर्वांची रात्रीची आणि दुपारची झोप..."

मागच्या रांगेतले सरदार गुंडोजी पोट सावरत पुढे आले. "थांबा, थांबा. दुपारची?"

"दुपारची."

"म्हणजे जेवणानंतरची? वामकुक्षीसुद्धा?"

"मी काही म्हणत नाही, सरदार. मी फक्त वाचते." आणि बाईनं ती ओळ पुन्हा वाचली.

सभेत असा कल्लोळ उठला की आढ्यावरची कबुतरं उडाली. "हे कुणी संमत केलं?" गुंडोजी गरजले. "तुम्हीच," प्रधान म्हणाला. "मी? मी तर झोपलो होतो!" प्रधानानं घाईघाईनं टाळी वाजवली. सवयीनं दोन-चार हात हलले, गुंडोजींनी तर आपला हात बगलेत दाबून धरला, पण वर एकही गेला नाही. कायदा पडला, आणि कायद्याबरोबर मकरंदसेनही पडला, कारण त्याच्या मागे आता त्याचा आचारीसुद्धा उभा नव्हता.

बाहेर लोक जमले होते. ते ओरडू लागले, "प्रधान नको, सभा नको! म्हाळसाबाई, तुम्हीच राज्य करा!"

बाईला ते फार गोड लागलं. पहिला हुकूम जिभेवर आलासुद्धा : दिवा मालवल्यावर कोणत्याही नवऱ्यानं तोंड उघडू नये. किती बायकांनी दुवा दिला असता! पण टक् टक् करत लाकूड गुडघ्याशी पोचलं. बाईनं जीभ चावली.

"सभेत जास्त माणसं कुणाच्या मागे आहेत?" तिनं विचारलं.

"हौसा पाटलिणीच्या," साळुंकी म्हणाली.

हौसा पाटलीण! जिनं म्हाळसाबाईच्या लोणच्याला भर पंगतीत खारट म्हटलं होतं, आणि वर पाणी मागितलं होतं. दुसरं कुणीही चाललं असतं. बाईनं आभाळाकडे पाहिलं, साळुंकीकडे पाहिलं. साळुंकी पंख साफ करत बसली. मग म्हाळसाबाई शांतपणे म्हणाली, "बोलवा तिला. शपथ देते." आणि खरंच दिली, हसून दिली. शपथेचा शेवटचा शब्द उच्चारला आणि गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत पाय पुन्हा माणसाचा झाला. त्याला मुंग्या मात्र भयंकर आल्या.

उरला कंकाळनाथ. त्याला हत्तीच्या पायी द्यायचं ठरलं. तो सिंहासनापुढे लोळण घेऊन म्हणाला, "मारा एकदाचे, निदान डोळे तरी मिटतील." दयेचा अधिकार छत्राचा, पण तोही सल्ल्यानंच.

"हत्ती बोलावते," हौसा म्हणाली.

"प्रधानबाई, एकदा पुन्हा विचार करा. माणसाला झोप नाही, म्हणून डोकं फिरलं."

"मग करू काय त्याचं? मांडीवर घेऊन थोपटू?"

"सभेत बसवा. साध्या बाकावर. रोज."

हौसानं कपाळावर हात मारला, पण सल्ला बदलला. त्या दिवशी सभेत पाटबंधारेमंत्री बोलायला उभे राहिले. ते बोलले पाटांविषयी, मग उपपाटांविषयी, मग उपपाटांच्या कडेला उगवणाऱ्या गवताविषयी. गवत अर्ध्यावर आलं आणि कंकाळनाथाची मान खाली गेली. माशा उडून गेल्या. तो घोरू लागला. बुरुजावरचा रांजण कडाडून फुटला, मंत्र विरला. मंत्री भाषण संपवून बसले तेव्हा तो जागा होईल म्हणून कुणी कुणाला टाळ्या वाजवू दिल्या नाहीत.

मकरंदसेन गाद्या उन्हात घालायच्या कामावर लागला. सभा बाकांवर बसू लागली, चिडचिड करू लागली, वाचू लागली. आणि म्हाळसाबाई, दुपारी, छत्र मिटवून भिंतीशी ठेवून, पदर डोळ्यांवर घेऊन आडवी झाली. बाहेर हौसा पाटलीण नवा कायदा घेऊन आली होती. साळुंकी दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई विचार करताहेत."

ज्याचं काम त्याच्या हाती राहिलं, ज्याची झोप त्याच्या डोळ्यांवर आली. कहाणी ऐकली असेल तर उठा, नसेल तर झोपा. झोप तुमचीच आहे.