शंखातला गाळ

“मग गाळ वर कसा चढला?”

उमरे सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारलं.

शलाका देवतळे नागपूरहून वणीला आली होती ती हाच प्रश्न ऐकायला. उत्तर तयार होतं. तिच्या प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण म्हणजे ते उत्तर. बारा दिवसांनी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. त्याआधी सरांनी तो पाहावा आणि ‘वा’ म्हणावं, एवढ्यासाठी ती आली होती. बी.एस्सी.ला असताना तिच्या हातात पहिल्यांदा भिंग दिलं ते याच माणसाने.

“चढला नाही, सर. नंतर आला. तळं आटल्यावर वरच्या भेगांतून मुरला.”



काचपट्टीवर दगडाचा काप होता. कागदाहून पातळ, उजेड आरपार जाईल असा. त्यात गोगलगायीचा एक शंख. हा दगड सापडला तिथे, लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात, तळं होतं. गोगलगाय मेली, तळाशी गेली, शंखात चिखल शिरला. चिखल बसतो तो खाली. वर पोकळी राहते, तिच्यात पुढे पांढरे स्फटिक भरतात.

शलाकाच्या शंखात मात्र स्फटिक खाली होते आणि गाळ वर.

“सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं, बरं का,” सर म्हणाले.

“ते हिशेबात धरलंय मी.” जरा तोडूनच बोलली ती.

“बरं... हा एकच शंख असा आहे?”

“या दगडाचे चौदा काप केले. चौदाही शंख असेच.”

“चौदाही जणांना एकदम ही बुद्धी झाली?”

शलाकाचे कान तापले. “म्हणूनच तर हे नवीन आहे, सर. आजवर कोणी असं मांडलेलं नाही.”

सरांनी वाद घातला नाही. काचपट्टी ठेवायची सूक्ष्मदर्शकाची गोल बैठक दोन बोटांत धरली, अर्धा फेरा फिरवली आणि खुर्ची सोडून उठले.

“बघ.”

तिने पाहिलं. गाळ खाली, स्फटिक वर. जसं असायला हवं तसं.

“पण हे तुम्ही फिरवलंत.”

“हो.”

“दगड असा नव्हता, सर.”

“कशावरून?”

“दगडावर बाण आहे ना. वरची बाजू दाखवणारा, लाल रंगातला. त्या नाल्यातल्या मोठ्या धोंड्यावर.” मग तिच्या आवाजात कौतुक आलं. “तुमचाच बाण, सर. खाली ‘दा. उ. १९८४’ लिहिलंय. त्यामुळे शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.”

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. टेबलावरच्या चहावर साय धरली...

“गाडी आणलीस?” त्यांनी विचारलं.

“स्कूटर आहे.”

“चल.”

नाला गावापासून नऊ किलोमीटर. शहात्तर वर्षांचा माणूस, एका हाताने टोपी धरून मागे बसला होता. शलाका मनातल्या मनात चौथ्या प्रकरणाची पानं उलटत होती. एकेक वाक्य ती पुन्हा तपासत होती आणि प्रत्येक वाक्य तिला पक्कंच वाटत होतं.

धोंडा नाल्याच्या पात्रात होता, माणसाच्या छातीइतका उंच. काठावरच्या चुनखडकाच्या थरातून केव्हातरी निखळून पडलेला. रंग फिका पडला होता, तरी बाण ओळखू येत होता.

सरांनी बाणाकडे पाहिलंच नाही. त्यांनी टोपी काढून बाजूच्या दगडावर ठेवली, धोंड्याकडे पाठ केली आणि हळूहळू, गुडघे सांभाळत, वाळूत बसले. मग चक्क उताणे झाले. डोकं धोंड्याकडे. मान मागे टाकून ते धोंडा पाहू लागले.

“सर! बरं वाटत नाहीये का?”

“ये. अशीच पड.”

“मी?”

“वाळू कोरडी आहे.”

शलाकाने काठावर नजर टाकली. दूर एक बाई शेळ्या हाकत होती. तिचं इकडे लक्ष नव्हतं. शलाका सरांच्या शेजारी उताणी पडली, मान मागे टाकली.

धोंडा आभाळातून खाली लोंबत असल्यासारखा दिसला.

आणि त्यात मुळं दिसली. तळ्याकाठच्या लव्हाळ्यांची, दगड होऊन गेलेली, दोऱ्यासारखी बारीक. या धोंड्यासमोर ती आठ वेळा येऊन गेली होती. उभ्याने पाहताना तिला त्या नुसत्या रेघा वाटल्या होत्या, वरच्या अंगाला फाटे फुटलेल्या. आता ते फाटे खाली जात होते. मुळं जातात तसे.

ती बघत राहिली...

चौथं प्रकरण गेलं. वरच्या भेगा गेल्या, मुरलेला गाळ गेला. चिखल शंखात जिथे बसायला हवा तिथेच बसला होता.



“काय दिसलं?” सरांनी विचारलं.

“मुळं.”

“आणि?”

शेळ्या लांब गेल्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या.

“सर... धोंडा पडताना उलटा झालाय.”

“आणि?”

“बाण चुकलाय.”

“कोणाचा?”

शलाकाने डोळे मिटले. “तुमचा.”

सर कोपराचा आधार घेत उठून बसले. वाळू झटकली नाही. तिच्याकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

शलाका धडपडत उठून बसली. “सर, असं काय करताय!”

“सव्वीस वर्षं पोरं आणली मी इथे. सगळ्यांनी बाण वहीत उतरवून घेतला.” “तू शंख घेऊन आलीस.”

“पण मी शंखांनाच चूक ठरवलं, सर. बाण खरा मानून.”

“फेकले नाहीस ना...”

प्रयोगशाळेतल्या एकाने सांगितलं होतं तिला, हे चौदा काप गाळून टाक, दुसऱ्या दगडांचे बाकीचे साठ छान जुळतात. तेव्हा तिने कापांची डबी हातात घेतली होती. झाकणही उघडलं होतं. पुन्हा का लावलं, ते तिला आजवर कळलं नव्हतं.

ती वाकली आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळ्यांतलं पाणी त्यांच्या बुटांवर पडलं, तिने ते पुसलं नाही. बारा दिवस उरले होते आणि प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहायचं होतं. तिला हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

“ऊठ,” सर म्हणाले. “खडू आहे?”

नमुन्यांवर खुणा करायचा मेणखडू तिच्या पिशवीत होता. तिने तो पुढे केला. सरांनी घेतला नाही.

“तू काढ.”

जुन्या बाणाशेजारी तिने नवा बाण काढला. टोक जमिनीकडे. रेघ पुन्हा गिरवली. खाली तारीख टाकली आणि ती मागे सरली.

“नाव?” सर म्हणाले.

“माझं कशाला, सर? पाहिलं तर तुम्हीच आधी.”

“लिही.”

“आणि माझंही चुकलं असलं तर?”

सरांनी दगडावरची टोपी उचलली.

“म्हणूनच लिही. चूक निघाली की कोणीतरी भेटायला येतं.”