पाटलाचा करकरणारा जोडा

त्या दिवशी सकाळ झाली तरी डोंगर काही दिसत नव्हता. धुकं खाली उतरून कौलांवर बसलं होतं. गवतावरचं दंव पांढरं पडलं होतं आणि म्हशींच्या नाकातून चुलीसारखी वाफ निघत होती. विहिरीचं पाणी तेवढं कोमट. त्यामुळे बाया भांडी घासायची सोडून नुसत्या हात बुडवून बसल्या होत्या.

अशा थंडीत, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक पाटील जोडे घ्यायला घराबाहेर पडला. त्याचं नाव हैबतराव. माणूस मनानं चांगला. फक्त आपण आलो की चार लोकांनी मान वर करून बघावं, एवढी एक हौस त्याला होती. आता ही काही फार वाईट गोष्ट नाही, बरं का. पण हौस कुठे न्यायची आणि कुठे घरी ठेवायची, हे मात्र कळावं लागतं.

त्या वर्षी एका रानडुकरानं गावाला जीव नकोसा केला होता. एकटंच फिरायचं. रताळ्याचे वाफे नांगर फिरवल्यासारखे उकरून ठेवायचं. पाटलाच्या शेजारी तानूआक्का राहायची. म्हातारी, एकटी. तिच्या वाफ्यात त्यानं एक रताळं शिल्लक ठेवलं नव्हतं. राखणीला बसलेल्या एका माणसाची मांडीही त्यानं फाडली होती. तेव्हा गावानं ठरवलं, आठ दिवसांनी डोंगरावर जायचं आणि त्याचा बंदोबस्त करून यायचं. गावात ठासणीची बंदूक एकच होती, पाटलाच्या घरची. वडील गेल्यावर नेम धरायचा मान हैबतरावाकडे पहिल्यांदाच आला होता.

म्हणून नवे जोडे हवे होते.

जोडे शिवणाऱ्या सत्याप्पानं दोन जोड पुढे ठेवले. एक होता घोट्याच्या वरपर्यंत येणारा. तळ एकेरी आणि नरम, कातड्याला पोटभर तेल पाजलेलं, आत मेंढीच्या लोकरीचं अस्तर. दिसायला मात्र अगदी ओबडधोबड. दुसरा होता लाल गोंड्यांचा. तळ जाड, दुहेरी. त्या मुलखात अशी रीत होती, की तळाच्या दोन कातड्यांमध्ये कारागीर वाळक्या बिया घालायचा. मग पाऊल टाकलं, की जोडा करर्र करर्र बोलायचा. जितका मोठा माणूस, तितका त्याचा जोडा करकरणारा.

पाटलानं ओबडधोबड जोड उचलून बघितला आणि हसला. "सत्याप्पा, हे जोडे म्हणायचे का अस्वलाचे पाय?"

सत्याप्पा म्हणाला, "अस्वल चालताना डोंगरात कुणी ऐकलंय का, पाटील?"

"असलं घालून गेलो, तर पाटील आला हे कळायचं कुणाला?"

"डुकराला तरी कळू नये, एवढंच माझं म्हणणं."

पाटलानं लाल गोंड्यांचा जोड पायात चढवला आणि चालू लागला. सत्याप्पानं दुसरा जोड पुसून फळीवर ठेवून दिला.

घरी येताना तानूआक्काच्या दारात तिचं मांजर कोवळ्या उन्हाला झोपलं होतं. करर्र आवाज झाला आणि मांजर ताडकन उठून माळ्यावर पळालं. तानूआक्का आतून म्हणाली, "हैबती, जोडं नवं घेतलंस वाटतं. तू वळणावर असताना माझं मांजर पळालं रं!"

पाटलाला ते कौतुक वाटलं. पुढचे आठ दिवस तो गावातून मुद्दाम दोन फेऱ्या जास्तीच्या मारत होता.

आठव्या दिवशी उजाडताच सगळे डोंगर चढले. पाटलाचा जोडा वाटेभर वाजत होता, पण पाटलाला सांगणार कोण? माग काढायला बिरू धनगर पुढे होता. बिरू म्हातारा झाला होता. थंडीत त्याला खोकला यायचा. पण मोडलेली काडी बघून जनावर कधी गेलं ते तो सांगायचा. वीस वर्षं माग काढणाऱ्याची काठी त्याच्याच हातात होती. गावातला केरबा आणि त्याची माणसं खालच्या अंगाला हाकारे म्हणून गेली. आरडाओरडा करून डुकराला वर हाकलायचं त्यांचं काम. वर खिंडीत पाटील बंदूक धरून उभा राहिला आणि त्याच्या जवळ बिरू घोंगडी तोंडात कोंबून बसला. खोकला यायला नको म्हणून.

खडक असा गार होता, की थंडी तळातून वर चढत होती. लाल गोंड्यांच्या जोड्याला अस्तर नव्हतं. आधी पाटलाची बोटं दुखली, मग ती आहेत का नाहीत तेच कळेना.

हाका वर वर येऊ लागल्या. कारवीची झुडपं हलली. डुक्कर बाहेर आलं. वीस पावलांवर. सुळे विळ्याएवढे. त्यानं नेम धरला. बिरूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यानं घोंगडी सोडली नाही. आणखी दोन पावलं पुढे आलं असतं, की झालं असतं काम. आणि तेवढ्यात, नीट उभं राहायला म्हणून, पाटलानं बधिर झालेला एक पाय जरासा सरकवला.

करर्र.

डुकराचे कान उभे राहिले. ते वळलं, ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं सुसाट खाली गेलं. दोन हाकारे झाडावर चढले म्हणून वाचले.

केरबा धापा टाकत वर आला. "कोण वाजलं? एवढं हातात आलेलं जनावर! कोण वाजलं?"

आता बिरूनं घोंगडी काढली होती. इतका वेळ दाबून धरलेला खोकला एकदम बाहेर पडला. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून खोकत राहिला.

"हे बघा!" केरबा म्हणाला. "म्हाताऱ्या, खोकला घरी ठेवून यायचा होता."

बिरूनं खोकून घेतलं, डोळे पुसले आणि काठी उचलली. तो काहीच बोलला नाही. त्यानं पाटलाच्या जोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तेच पाटलाला लागलं. बिरूनं ऐकलं होतं. दोन हातांवर बसलेल्या माणसानं ऐकलं नाही, असं कसं होईल?

पाटलालाही बोलता आलं असतं. पण जीभ उचलली नाही. आज पहिलाच मान, आणि पहिल्याच मानाला हे. 

सगळे उतरायला लागले. वाट लांब होती. पुढे केरबाची माणसं बोलत होती, की गावात गेल्यावर देवळापुढे काय ते होईल. गावाचा नियम जुना होता, पाटलाच्या आजोबांनीच घातलेला. ज्याच्या आवाजानं शिकार हुकली, त्यानं आपलं हत्यार देवळाच्या पायरीवर ठेवायचं आणि पुढे हाकाऱ्यांत चालायचं. आता हाकाऱ्यांत म्हणजे ओरडत चढ पळायचा. बिरूला ते कुठलं जमणार? काठी गेली म्हणजे त्याचा डोंगरच गेला. पुढची सगळी वर्षं त्यानं अंगणात बसून डोंगराकडे बघायचं.

पाटील सगळ्यांच्या मागे होता. पाऊल टाकलं की जोडा बोलायचा. करर्र. दुसरं पाऊल, करर्र. आठ दिवस हाच आवाज त्याला सनईसारखा गोड लागला होता. आज त्याला वाटत होतं, वाटेतला दगड न् दगड ऐकतोय.

देवळापुढे गाव जमलं होतं. तानूआक्काही आली होती. बिरू पुढे झाला, पायरीपाशी थांबला. वीस वर्षांत हाताच्या घामानं काळी झालेली ती काठी त्यानं एकदा वरून खाली पुसली आणि वाकला.

"थांब, बिरूतात्या," पाटील म्हणाला.

सगळे वळले.

"डुक्कर तुझ्या खोकल्यानं पळालं न्हाई. तुझा खोकला नंतर आला. आधी माझा जोडा वाजला."

केरबा म्हणाला, "पाटील, म्हाताऱ्याची दया येती ते ठीक हाय. पण उगाच आपल्या अंगावर कशाला घेताय?"

 पाटलानं दोन पावलं टाकली. करर्र, करर्र. देवळाच्या शिखरावरचे पारवे फडफडून उठले.

 तानूआक्का म्हणाली, "माझं मांजर आठ दिवस हेच सांगत होतं. पण मांजराचं ऐकतंय कोण?"

लोक हसले. पाटीलही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. त्यानं खांद्यावरची बंदूक काढून पायरीवर ठेवली. "नियम आजोबांचा हाय. तो पाटलालाबी लागतो. केरबा, पुढच्या खेपेला नेम तू धर. मी हाकाऱ्यांत येतो." मग त्यानं बिरूची काठी दोन्ही हातांनी सरळ धरली आणि त्याच्या हातात पक्की दिली. "तात्या, तू ऐकलं होतंस ना? मग बोलला का न्हाईस?"

बिरू म्हणाला, "मी बोललो असतो तर नुसतं डुक्कर कशानं पळालं ते कळलं असतं, पाटील. तुम्ही बोललात, तेव्हा आमचा पाटील कसा हाय तेबी कळलं."

तिथून पाटील लाल गोंड्यांचे जोडे काढून अनवाणीच सत्याप्पाकडे गेला. जमीन बर्फासारखी गार होती. फळीवर तो ओबडधोबड जोड तसाच होता.

"ठेवलास व्हय माझ्यासाठी? मी येणार हे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक कुठलं, पाटील? पण माप तुमच्या पायाचं. दुसऱ्या कुणाला व्हायचेच नव्हते."

पाटलानं अस्वलाचे पाय चढवले. आतली लोकर घोट्याला लागली आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या बोटांना ऊब आली. त्यानं दुकानात इकडून तिकडे चालून बघितलं. काही ऐकू आलं नाही. सत्याप्पा मान खाली घालून टाका घालत होता, पण गालात हसत होता.

पंधरा दिवसांनी गाव पुन्हा डोंगर चढलं. थंडी तशीच होती. डुक्कर जागा बदलून बसलं होतं, म्हणून आधी ते झुडपांच्या कुठल्या जाळीत आहे हे बघायला हवं होतं. बिरू माग काढत पुढे, आणि त्याच्या मागे पाटील. पाटलाच्या कमरेला भोपळ्याचा तुंबा होता. त्यात आलं-गुळाचा गरम काढा. बिरूचा श्वास अडखळला, की पाटील न बोलता तुंबा पुढे करायचा. म्हातारा दोन घोट घ्यायचा आणि पुढे निघायचा. असं करत दोघं डुकराच्या जाळीपासून दहा पावलांवर गेले. वाळक्या पानांवरून गेले, आणि डुकराला पत्ता लागला नाही. जागा नक्की करून ते तसेच मागे फिरले.

मग हाकारा सुरू झाला. सगळ्यांत मोठ्यानं पाटील ओरडत होता. ओरडायच्या जागी ओरडावं, त्याला कुणाची ना नाही. डुक्कर खिंडीत गेलं आणि केरबाच्या एकाच बारात पडलं. पहिला वाटा रीतीप्रमाणे माग काढणाऱ्याला गेला. ज्याची मांडी फाटली होती, त्याच्या घरी पाटलानं आपला वाटा पोचवला.

ऊन कलताना पाटील घराकडे निघाला. तानूआक्का दारात बसून रताळ्याचे नवे वेल निवडत होती, पुन्हा लावायला. उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं. पाटील त्याच्या शेपटीशेजारून गेला. मांजरानं कानही हलवला नाही. पण म्हातारी वेल खाली ठेवून उठून उभी राहिली.

तात्पर्य: जे काम करायचं, त्याला शोभेल ती वस्तू निवडावी, आपल्या मोठेपणाला शोभेल ती नव्हे, आणि निवड चुकलीच, तर तिचा दोष दुसऱ्याच्या माथी जायच्या आत आपण पुढे होऊन घ्यावा. तानूआक्का काही एवढं लांबण लावून बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "हैबती, आज जोडा वाजला न्हाई, तरी पाटील आला ते कळलं बघ."