गोजराबाईचं वाडगं

फार वर्षं झाली. किती, ते सांगणारं माणूसही आता उरलेलं नाही, तेव्हा साल मला विचारू नका. आपल्या या तळखड्याच्या माळावर तेव्हा दहा-बारा घरं होती. चहूकडे बोरी-बाभळी, आणि माळाच्या पलीकडे घळ होती, तिच्यात लांडगे. गावातलं शेवटचं घर गोजराबाईचं. दोन बिघे खडकाळ रान, पिकलीच तर त्यात बाजरी, आणि वीस मेंढरं. घर चालायचं ते मेंढरांवर.

या गोजराबाईला राखणीची कुत्री वाढवता यायची. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? तुमची कुत्री मी पाहते ना. बाजेवर झोपतात, बिस्किटं खातात आणि पोस्टमनवर भुंकतात. गोजराबाईच्या हातचं कुत्रं तसलं नव्हे. तिच्या कुत्र्यासमोर लांडगा आल्या पावली फिरायचा, असं म्हणतात.

तिची रीत अशी. डोळे न उघडलेलं पिल्लू आणायचं. नुकत्याच व्यायलेल्या मेंढीचं दूध त्याच्या अंगाला चोळायचं आणि कोकराशेजारी त्याला मेंढीच्या कासेला लावायचं. मेंढी हुंगायची, क्षणभर थांबायची, आणि मग त्याला चाटू लागायची. त्यानंतर माणसाचा हात त्या पिल्लाला लागायचा नाही. घराचा उंबरा त्यानं ओलांडायचा नाही. मेंढरांच्या कुंपणात, म्हणजे वाडग्यात, एक दगडी डोणी होती, मेंढरांना पाणी पाजायची. तिच्यातच दूध ओतायचं, भाकरी कुस्करायची आणि मागे न बघता निघून यायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पिल्लाला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की ते माणसाचं झालं. बिननावाचं कुत्रं स्वतःला मेंढरूच समजतं, आणि मेंढरांसाठी जीव देतं.

सात गावची माणसं तिच्याकडून पिल्लं न्यायची. एकदाही तिनं रीत मोडली नव्हती.

मग पटकीची साथ आली. गोजराबाईचा एकुलता एक मुलगा म्हाकू सकाळी मेंढरं घेऊन गेला आणि दिवस मावळायच्या आत गेला. मागे त्याची बायको धुरपा आणि तिच्या मांडीवरची तान्ही लेक. वाडग्यातलं जुनं राखणीचं कुत्रं म्हातारं झालं होतं, तेही त्याच आठवड्यात मेलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं डोळे पुसले, पिल्लू आणलं आणि मेंढीच्या कासेला लावलं.

पिल्लू पिईना. नुसतं रडत राहिलं. दोन दिवस रडलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, गोजराबाई वाडग्यात वाकली आणि तिनं हलकेच हाक मारली, "म्हाकू."

पिल्लू गप्प झालं आणि दूध प्यायला लागलं.

तिला दोष देऊ नका. मी असते तर मीही तेच केलं असतं. लेकाचं नाव तोंडात येतं आणि ऐकायला कुणी नसतं, हे दुखणं ज्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा हाक मारली. मग रोजच. कुत्रं वाढलं, चांगलं वासराएवढं झालं, आणि एक दिवस वाडग्याचं काटेरी कुंपण ओलांडून घराच्या उंबऱ्यावर येऊन बसलं.

तिथून धुरपाच्या उरात धडकी भरायला लागली. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला बसायची सवय म्हाकूची होती. कुत्रंही डाव्याच अंगाला बसे. दुपारी माळावरच्या ज्या धोंड्यावर म्हाकू भाकरीची वाट बघत बसायचा, त्याच धोंड्यावर ते जाऊन बसे, तोंड घराकडे करून. धुरपा पाण्याला निघाली की उठून बाजूला होई आणि ती पुढे गेली की चार पावलं मागून चाले. लग्न झाल्यापासून तिच्यामागं असं चार पावलं एकच माणूस चालत आलं होतं. ऊन रणरणत असायचं, माळावर चिटपाखरू नसायचं, आणि धुरपाला मागं वळून बघायचा धीर व्हायचा नाही.

तिनं एकदा सासूला विचारलं, "आत्याबाई, कुत्र्याला काय म्हणून हाक मारता तुम्ही?"

गोजराबाई जात्यावर होती. तिनं जात्यात आणखी एक मूठ बाजरी टाकली आणि जातं जोरात ओढलं.

थंडीच्या तोंडाला लांडगे आले. तेही दिवसाढवळ्या. कुत्रं उंबऱ्यावर बसलेलं होतं. वाडग्यात मेंढरं ओरडत होती, ते त्याला ऐकू येत होतं. पण ते जागचं हललं नाही. गोजराबाई काठी घेऊन धावली, तर तिच्या आडवं आलं आणि त्यानं तिला घरातच कोंडून ठेवलं. त्यानं आपली माणसं राखली. तीन मेंढ्या गेल्या, आणि त्यांत ज्या मेंढीनं त्याला पाजलं होतं, तीही.

सतरा उरली. अशा आणखी पाच-सहा फेऱ्या झाल्या की वाडगं रिकामं होणार आणि धुरपाच्या लेकीच्या वाटीत काही पडणार नाही, हे गोजराबाईला स्पष्ट दिसत होतं. ती मायाप्पाकडे गेली. मायाप्पा म्हातारा मेंढका, तिला ही रीत शिकवणारा. त्याच्यापुढं तिनं सगळं कबूल केलं.

मायाप्पानं हातातली लोकर खाली ठेवली. मग म्हणाला, "नाव कुत्र्याकडनं न्हाय काढून घ्यायचं, गोजरा. तुज्याकडनं काढायचं. परत तोंडात आणायचं न्हाय, मनात बी न्हाय. जमंल का?"

"न्हाय जमायचं," गोजराबाई म्हणाली. "पर करती."

ती घरी आली. मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं तिनं अंगावर घेतलं, नातीचा पापा घेतला आणि वाडग्यात जाऊन मेंढरांत बसली. कुत्रं तिच्या मागोमाग गेलंच. तिनं डोणीत दूध ओतलं, वाकून तोंड अगदी दुधाशी नेलं आणि शेवटची हाक मारली, "म्हाकू." दुधावर एक तरंग उठला आणि विरला. कुत्रं पुढं आलं आणि ते सगळं दूध प्यालं.

त्या घडीपासून गोजराबाई बोलली नाही. कुणाशीच नाही. बोलायला तोंड उघडलं तर तेच नाव बाहेर येईल, ही तिला भीती होती. ती मेंढरांत बसायची, मेंढरांत निजायची. धुरपा भाकरी आणून द्यायची. दोन अमावस्या गेल्या. कुत्रं धोंड्यावर जाईनासं झालं, उंबऱ्याकडे बघेनासं झालं. एका सकाळी त्यानं गोजराबाईकडे पाहिलं, ते बाकीच्या मेंढरांकडे पाहावं तसं. काम झालं होतं. लेक दुसऱ्यांदा गेला, असं तिला त्या क्षणी वाटलं असेल.

ती उठली आणि घराकडे निघाली. कुंपणाशी पोचली, तर कुत्रं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. अंगानं ढकलत ढकलत त्यानं तिला कळपात आणून सोडलं. ती पुन्हा उठली, त्यानं पुन्हा आणलं. कळपातून फुटलेल्या मेंढीला आणतात ना, तसं. धुरपा उंबऱ्यावरून म्हणाली, "आत्याबाई, काठी हाणा की त्याला." गोजराबाईनं नुसती मान हलवली आणि घोंगडं सावरून खाली बसली. राखणीचं कुत्रं तयार झालं होतं. त्याला काठी हाणून पुन्हा माणसाची ओळख करून द्यायची नव्हती.

पौषात एका सकाळी असं धुकं पडलं की धुरपाला दारातून वाडगं दिसेना. लांडग्यांचा आवाज आला. मग कुत्र्याचा. मग कशाचाच आवाज येईना. सूर्य वर येईपर्यंत ती लेकीला पोटाशी धरून दारात उभी राहिली. धुकं हटलं तेव्हा कुंपणाबाहेर दोन लांडगे मरून पडले होते. मेंढरं गोल करून शांत बसली होती आणि मध्ये रक्तानं माखलेलं कुत्रं धापा टाकत होतं. गोजराबाईचं घोंगडं डोणीवर पडलं होतं. गोजराबाई नव्हती. घोंगड्यावर रक्ताचा थेंब नाही की बाहेर तिच्या पावलाची खूण नाही.

धुरपानं मेंढरं मोजली. सतरा हवी होती, अठरा भरली. पुन्हा मोजली, अठराच. मग तिनं एकेका मेंढीचं तोंड धरून बघितलं. एकूण एक ओळखीची होती. मोजायला गेलं की एक जास्त, आणि शोधायला गेलं की परकं कुणीच नाही. असं म्हणतात की धुरपा तिथंच खाली बसली आणि हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नाही.

त्या वाडग्यातून पुढं एकही मेंढरू लांडग्याला मिळालं नाही. धुरपाची लेक त्याच मेंढरांवर वाढली. तिचाच वंश अजून तिथं नांदतो. आजही तळखड्यात राखणीच्या पिल्लाला नाव ठेवत नाहीत. संध्याकाळी मेंढरं मोजतात, एक जास्त भरतं, आणि कुणी दुसऱ्यांदा मोजत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं आणि ज्याचं दुःख हलत नाही, तो भर दुपारी वाडग्यात जातो. डोणीत दूध ओततो, वाकून त्या माणसाचं नाव दुधात एकदाच सांगतो आणि मागे न बघता घरी येतो. दूध पिल्लू पितं. ते नाव सांगणाऱ्यानं पुन्हा घ्यायचं नाही.

मीही जाऊन आले आहे, गेल्या उन्हाळ्यात. नाव सांगितलं आणि वळले. मागं सगळी मेंढरं माना खाली घालून उभी होती. त्यांतलं एक मला हाक मारावी तसं ओरडलं. मी वळून पाहिलं नाही.

मी कुणाचं नाव सांगितलं, ते मात्र विचारू नका.