अर्धा घेरा

एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध एक लहानसे बेट होते आणि त्या बेटाचा कारभार झोळीवाल्या पक्ष्यांचा एक थवा पाहत असे. झोळीवाला म्हणजे कोण, हे ठाऊक नसेल तर आधी तेच सांगतो. अंगाने हा पक्षी भला थोरला, पांढरा, जमिनीवर चालताना डुलणारा. आणि चोचीखाली कातडीची ऐसपैस झोळी, जिच्यात एका वेळी डझनभर मासे सहज मावतात. बेटावर बगळे होते, पाणकोंबड्या होत्या, टिबुकल्याही होत्या. पण दरवर्षी सगळे मिळून कौल द्यायचे तो झोळीवाल्यांनाच, कारण एवढ्या मोठ्या झोळीत थोडी अक्कलही असणार, असा सर्वांचा समज होता. सकाळी त्या तळ्यावर इतके दाट धुके उतरे की बेट पाण्यात आहे की ढगात, हे तिथे राहणाऱ्यांनाही नीट सांगता येत नसे.

या थव्याचा म्होरक्या वयस्क, शांत आणि मनाचा फार भला होता. सगळे त्याला आबा म्हणत. त्याला कोणाला दुखवणे जमत नसे. त्याची एकच इच्छा होती, आपल्या हयातीत थवा फुटू नये. त्याच्या आधीच्या दोन म्होरक्यांना एकाच भांडणापायी खाली उतरावे लागले होते आणि ते भांडण अजून तसेच धुमसत होते. भांडण होते मोठ्या घेऱ्यात राहायचे की नाही याचे.

मोठा घेरा ही त्या तळ्याची जुनी रीत होती. हिवाळा सरू लागला की तळ्याचे पाणी उतरे आणि मासे खोल डोहात जाऊन बसत. मग उत्तर काठावरचा म्हातारा करकोचा सकाळच्या धुक्यात तीन वेळा हाक देई. हाक ऐकली की साती काठांचे पक्षी येत. पाणकावळे बुड्या मारून मासे डोहातून वर हुसकत आणि बाकीचे पंखाला पंख लावून उथळ पाण्यात गोल उभे राहत. गोल आवळत आवळत लहान झाला, की मासे मध्यभागी चांदीसारखे उसळत आणि सगळ्यांनी एकदम चोच घालायची. बेटावरच्या झोळीवाल्यांची जागा डोहाच्या तोंडाशी होती, कारण मासे पळतात ते तिथूनच. घेरा म्हटला म्हणजे नियम आलेच. हाकेआधी पाण्यात उतरायचे नाही, झोळी ठरलेल्या रेघेखाली बुडवायची नाही, आणि बारके मासे लहान पक्ष्यांसाठी सोडायचे.

"झोळी आपली, पाणी आपलं, आणि ती कुठवर बुडवायची हे पलीकडच्या काठावरचे ठरवणार?" थव्यातला एक तरुण, दांडगा झोळीवाला रोज विचारी. "धुकं आधी आपल्या बाजूचं विरतं. मासे आधी आपल्याला दिसतात. तरी करकोच्याची झोप होईपर्यंत आपण ताटकळत उभे. आबा, आपण या घेऱ्यातून बाहेर पडू. आपलं आपण बघू." त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. करकोचा खरोखरच उशिरा उठे.

"बेट आपलं आहे रे, पण मासे बेटाचे नाहीत," एका डोळ्याने अधू असलेली एक झोळीवाली त्याला उत्तर देई. "ते साती काठांना फिरतात. एकट्याने डोहाच्या तोंडाशी उभं राहिलास तर हुसकायला कोण येणार, तुझा मामा?"

यावर अर्धा थवा हसे आणि अर्धा थवा पिसे फुलवून बसे. मग दोन्ही बाजू आबांकडे बघत. आबा सकाळी दांडग्यापुढे मान डोलवत आणि संध्याकाळी झोळीवालीपुढे. मान लांब असल्याचा हाच तर फायदा. "बघू," ते म्हणत, "पाणी जरा उतरू दे, मग बघू." पाणी उतरे, तरी आबा बघत नसत.

त्याच बेटाच्या कडेला, पाण्यावर तरंगणाऱ्या गवताच्या घरट्यात, एक टिबुकली राहत असे. टिबुकली म्हणजे मूठभर पक्षी. तिची तीन पिल्ले दिवसभर आईच्या पाठीवरच्या पिसांत बसून तळे हिंडत. पिल्ले पाठीवर असताना तिला खोल बुडी मारता येत नसे, म्हणून पिल्लांना पंख फुटेपर्यंत तिची सगळी भिस्त घेऱ्यातल्या बारक्या माशांवर होती. त्या वर्षी पाणी झपाट्याने उतरले. घेरे दोन झाले, तिसरा आणि शेवटचा राहिला. एके दिवशी ती पोहत पोहत आबांच्या खडकापाशी आली.

"आबा, कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते मला समजत नाही," ती म्हणाली. "बाहेर पडणार असाल तर तसं सांगा. मी पिल्लं घेऊन उत्तर काठाला जाईन, तिथं उथळात किडे-अळ्या तरी मिळतात. राहणार असाल तर इथंच थांबते. पण काय ते एक सांगा."

"तू निर्धास्त राहा, बाई," आबा म्हणाले. एवढे सांगून त्यांना फार बरे वाटले. टिबुकली थांबली.

दुपारी आबा खडकावर मान पाठीवर टाकून डुलकी घेत. हे त्यांचे आवडते काम होते. त्या दुपारी ऊन मऊ होते, पाणी हलत नव्हते आणि अर्धवट झोपेत आबांना एक स्वप्न पडले. सगळा थवा एकाच वर्तुळात उभा आहे. निम्म्यांची तोंडे आत आहेत, निम्म्यांची बाहेर. आतले गात आहेत, बाहेरचेही गात आहेत आणि कोणी कोणाशी भांडत नाही. पाण्यावर पांढरे कमळ उमलावे तसा तो थवा दिसत होता. आबा जागे झाले, तेव्हा ते स्वप्न संपल्याचे त्यांच्या लक्षातच आले नाही.

त्यांनी संध्याकाळी थवा बोलावला. "उद्याच्या घेऱ्यात आपण जायचं," ते म्हणाले, तशी झोळीवालीची मान उंच झाली. "पण अर्ध्यांनी तोंडं आत करायची आणि अर्ध्यांनी बाहेर. म्हणजे आपण घेऱ्यात आहोत आणि नाहीही." आता दांडग्याची मान उंच झाली. दोघांनाही हे पुरते पटले नव्हते. मात्र आपल्याच बाजूची जीत झाली, असे आपापल्या सोबत्यांना जाऊन सांगण्याजोगे दोघांनाही मिळाले होते. अशा वेळी कोणी फारसे पुढचे विचारत नाही. त्या रात्री कित्येक महिन्यांनी सगळा थवा भांडण न करता झोपला आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आले.

सकाळी धुक्यातून करकोच्याची हाक आली. साती काठांचे पक्षी मुकाट्याने पाण्यात उतरले. धुक्यात शेजारचा दिसत नव्हता, फक्त त्याच्या पंखाची ऊब लागत होती. पाणकावळ्यांनी डोह ढवळला. घेरा आवळू लागला आणि पाण्याखाली हजारो मासे वळले ते डोहाच्या तोंडाकडे. तिथे झोळीवाले उभे होते, एक आत तोंड करून, एक बाहेर. आत बघणाऱ्यांना चोच आडवी धरायची होती, पण शेजाऱ्याची पाठ मध्ये येत होती. बाहेर बघणाऱ्यांच्या पायांतून पहिला मासा सुटला, तो त्यांना समोर दिसला आणि ते त्याच्यावर झेपावले. तिथेच वाट झाली.

आबा मधोमध उभे होते. आपल्या पायांना काहीतरी गार, मऊ, चमकते घासून जाते आहे, असे त्यांना वाटले. ते बराच वेळ जात राहिले. किती सुंदर, असे त्यांच्या मनात आले, कारण ते अजून स्वप्नातच होते. मग धुके विरले, ऊन पडले आणि घेऱ्याच्या मध्यभागी स्वच्छ, रिकामे पाणी दिसले.

साती काठांचे पक्षी नुसते उभे होते. म्हातारा करकोचा पाण्यातून एकेक पाय उचलत आबांपाशी आला.

"तुम्ही आला नसता, तर आम्ही तुमच्या जागी दुसरे उभे केले असते," तो म्हणाला. "तुम्ही आलात, म्हणून आम्ही त्या बाजूला पाहिलंच नाही. अजून एका दिवसाचं पाणी आहे. मी उद्या पुन्हा हाक देईन, आणि या खेपेला उशिरा देणार नाही. या किंवा येऊ नका. राग धरणार नाही. पण दिवस मावळायच्या आत काय ते कळवा."

थवा खडकावर परतला. सगळे एकमेकांना खेटून बसले होते आणि कोणाच्याच झोळीत मासा नव्हता. दांडगा झोळीवालीला दोष देत नव्हता, झोळीवाली दांडग्याला देत नव्हती. आबांनी हयातभर जे मागितले होते ते त्यांच्यासमोर बसले होते. थवा फुटला नव्हता. आबांना मात्र तिकडे बघवेना.

खाली पाण्यावर टिबुकली आली होती. तिच्या पाठीवरच्या पिसांतून पिल्लांचा आवाज येत होता, सकाळपेक्षा बारीक. तिला निर्धास्त राहा म्हणून आपणच सांगितले होते, हे आबांना आठवले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी अंगभर. त्यांनी मान सरळ केली. इतकी सरळ मान थव्याने कधी पाहिली नव्हती.

"मला घेऱ्यात राहावं असं वाटतं," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाटत होतं. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही. उद्या मी आत तोंड करून उभा राहणार. ज्यांना पटत नाही त्यांनी येऊ नये. अर्धवट मात्र कोणी येऊ नका."

"मग थवा फुटेल, आबा," दांडगा हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती. त्यालाही वाईट वाटत होते.

"फुटेल," आबा म्हणाले.

"हे तुम्ही थंडीत सांगितलं असतंत, तर मी थंडीतच माझी वाट धरली असती. आपले एवढे दिवस गेले नसते."

"खरं आहे," आबा म्हणाले.

दिवस मावळण्यापूर्वी निम्मा थवा उडाला आणि पलीकडच्या लहान खडकावर जाऊन बसला. आबांनी करकोच्याला निरोप धाडला. उरलेल्या निम्म्यांनी त्याच संध्याकाळी एका डोळ्याच्या झोळीवालीला म्होरकी केले. "तुम्ही चांगले आहात, आबा," त्यांनी सांगितले, "पण फार उशिरा चांगले झालात." आबांनी मान्य केले.

दुसऱ्या सकाळी हाक वेळेवर आली. निम्म्या झोळीवाल्यांच्या जागा पूर्व काठाच्या बगळ्यांनी भरल्या. घेरा आवळला आणि मध्ये मासे उसळले. लहान खडकावरच्यांनीही आपल्या पद्धतीने मासे धरले. मासे कमी होते, पण स्वतःच्या मर्जीने धरले म्हणून मंडळी आनंदात होती. त्यांचे त्यांना लखलाभ.

आबांनी घेऱ्यात स्वतःसाठी चोच घातली नाही. तीन बारके मासे त्यांनी झोळीत जपून धरले आणि धुक्यातून पोहत ते तरंगत्या घरट्यापाशी आले. टिबुकली घरट्यात बसून होती. आबांनी चोच वाकवली. तिच्या पिसांतून एक इवले डोके बाहेर आले आणि त्याने मासा गिळला. मग दुसरे आले, त्यानेही गिळला. आबा चोच वाकवून तसेच थांबून राहिले. पाणी हलत नव्हते.

"तो तुम्ही खा, आबा," टिबुकली म्हणाली. "काल दुपारपर्यंत तिघं होते."

तात्पर्य : सर्वांची मने राखण्यासाठी जो निर्णय टाळत राहतो, त्याच्या टाळाटाळीची किंमत भांडणारे देत नाहीत आणि तो स्वतःही पुरती देत नाही, ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नसतो आणि जे त्याच्या शब्दावर विसंबून थांबलेले असतात, तेच ती देतात.