गेनबानं दूध सोडलं

एका गावात एक भोळा गेनबा होता. तसा प्रत्येक गावात एखादा असतोच, पण हा गेनबा त्या सगळ्यांचा मुकादम शोभावा असा. सांगितलेलं काम जीव तोडून करायचा. अडचण एवढीच, की जिथं करायचं ते सोडून भलतीकडंच करायचा.

घरात माणसं तीन. गेनबा, त्याची बायको हौसा आणि म्हातारी आई कोंडाबाई. गोठ्यात बैलजोडी आणि एक म्हैस. गेनबाला दुधाचं भारी वेड. सकाळी धारोष्ण दूध, न्याहारीला लोणी, दुपारी दही, रात्री दूधभात आणि त्यावर तुपाची धार. बाजाराच्या दिवशी मटण. मग व्हायचं तेच झालं. पोट सुटलं, पायांवर सूज आली. घरातून गोठ्यापर्यंत गेला तरी धापा टाकायला लागला.

त्यात हौसाला दिवस गेले. लग्नाला कैक वर्षं झाल्यावर! गेनबाला आभाळ ठेंगणं झालं. हौसा मात्र मनातून धास्तावली. पोर यायच्या आधीच ह्यांचं काही बरंवाईट झालं तर? तिनं नवऱ्याला हाताला धरून वैद्यबुवांकडं नेलं.

वैद्यबुवांनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोटावर बोट दाबून बघितलं.

"गेनबा, आजपासून जनावराकडनं आलेलं काही पोटात घालायचं नाही. हे असंच चालू ठेवलंस, तर पोराचं बारसं बघायला तू नसशील."

गेनबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघायचंय हो मला बारसं. तुमी म्हनाल तसं करतो."

जनावराकडनं आलेलं काही नको. गेनबानं डोक्यात पक्कं बसवलं.

घरी आल्यावर हौसानं ताट वाढलं. भाकरी, पिठलं, ठेचा. दुधाचा थेंब नाही की तुपाचा वास नाही. गेनबानं भाकरी उचलली आणि परत ठेवली.

"हौसे, ह्यो जोंधळा कुठला?"

"आपल्याच रानातला की."

"रान नांगरलं कुनी?"

"आपल्याच बैलांनी. दुसरं कोण नांगरनार?"

"मग ह्यो जनावराकडनंच आला की गं!"

ताट सारून गेनबा उठला. हरभरा बैलांच्याच रानातला, म्हणून पिठलंही गेलं. मिरचीला शेणखत घातलं होतं, म्हणून ठेचाही गेला. प्यायचं पाणी तरी? ते रेड्यावरच्या पखालीतून यायचं. तेही गेलं. गेनबा दारातल्या चिंचेचा पाला चघळत बसला. शेवटी भोवळ येऊन तुळशीकट्ट्याला अडखळला आणि आडवा झाला.

हौसा रडत रडत वैद्यबुवांना घेऊन आली. त्यांनी आधी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि मग कपाळावर हात मारला. स्वतःच्या.

"अरे शहाण्या, जनावराच्या अंगातनं निघालेलं नको म्हटलं मी! दूध, दही, लोणी, तूप, अंडी, मटण. भाकरी खा, डाळी खा, पालेभाजी खा, शेंगदाणे खा. उपाशी कशाला मरतोस?"

"असं व्हय! मग आधी सांगायचं की," गेनबा म्हणाला आणि उठून त्यानं चार भाकरी खाल्ल्या.

काही दिवस बरे गेले. पण जीभ बाई फार वाईट. शेजारच्या अनसूयाकाकूंनी लोणी कढवायला ठेवलं, की गेनबा भिंतीला नाक लावून उभा. स्वप्नात खरवस यायचा. झोपेत तोंड मिटक्या मारायचं. हौसा हलवून उठवायची, तर म्हणायचा, "थांब गं, तळाशी साय हाय."

शेवटी तो स्वतःच वैद्यबुवांकडं गेला. "वैद्यबुवा, लई खावंसं वाटतंय."

"वाटणारच. खावंसं वाटलं, की तिथनं उठायचं आणि लांब चालत सुटायचं. चालता चालता इच्छा मरते. पोटही उतरेल."

खावंसं वाटलं की चालत सुटायचं. गेनबानं डोक्यात पक्कं बसवलं.

आणि खरंच गुण आला हो! लोण्याचा वास आला, की गडी निघाला ओढ्याकडं. सायीची आठवण झाली, की निघाला माळाकडं. पायांची सूज ओसरली. धोतर सैल झालं. हौसाचा जीव भांड्यात पडला.

तिला सातवा लागला होता. एका दुपारी ती लाडानं म्हणाली, "अवो, मला चिंचेचा कोळ खावासा वाटतोय. गूळ घालून."

गेनबा दचकला. त्यानं तिचा हात धरला. "चल, ऊठ."

"कुठं?"

"खावंसं वाटलं ना? चल लवकर."

हौसाला वाटलं, नवरा चिंचा काढायला नेतोय. चिंचेचं झाड तर दारातच. ते मागं पडलं. मारुतीचं देऊळ मागं पडलं. ओढा आला. तिथं तिनं दगडावर बसकण मारली.

"अवो, आता एक पाऊल टाकवत न्हाई. पाय भरून आले."

"इच्छा मेली का?"

"न्हाई मेली!"

"मग अजून थोडं चालू."

कुणीतरी कोंडाबाईला वर्दी दिली. म्हातारी काठी टेकत आली आणि तीच काठी तिनं लेकाच्या पोटरीवर हाणली.

"आरं मुडद्या, पोटुशी बाईचे डोहाळे असे मारत्यात व्हय? पुरवायचे असत्यात! गाभार जीवाला जे खावंसं वाटंल ते तिथल्या तिथं म्होरं ठेवावं. न्हाईतर पोर जन्मभर लाळ गाळत बसतं."

"लाळ?" गेनबा घाबरला. त्यानं हौसाला पाठुंगळी मारलं आणि घरी येऊन तिला एवढा कोळ पाजला, की तिनंच हात जोडले.

पोटुशी असेल तिला खावंसं वाटेल ते द्यायचं. गेनबानं डोक्यात पक्कं बसवलं.

आता झालं असं, की त्याची म्हैसही गाभण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायकांनी अंगणात बाजा टाकल्या आणि कुरडया, पापड, सांडगे वाळत घातले. म्हैस गोठ्यातून मान लांब करून तिकडं बघत उभी. गेनबानं म्हशीकडं बघितलं. म्हशीनं गेनबाकडं बघितलं. तिच्या तोंडातून लाळ गळत होती.

"आई गं! आत्ताच गळायला लागली!" गेनबा ओरडला आणि त्यानं दावं सोडलं.

म्हशीनं आधी कुरडया खाल्ल्या. मग पापड खाल्ले. सांडग्यांचं तिखट लागलं म्हणून अनसूयाकाकूंचं कुरडयांच्या चिकाचं पातेलं पालथं केलं आणि एका बाजेवर पाय ठेवून बाजेचेही पाय मोडले. गेनबा शेजारी उभा राहून तिची पाठ थोपटत होता. "खा गं बाई. मन मारू नगंस."

आळी गोळा झाली. अनसूयाकाकूंचा तर नुसता अंगार.

"मेल्या, वर्षाचं वाळवण खाऊन टाकलं रे तुझ्या म्हशीनं!"

"काकू, तिचे डोहाळे हायेत."

"डोहाळे कसले तिच्यायला! लोकांच्या दारातलं खायला कुणाचं तोंड वळलं, की सरळ मुसकं घालावं! मळणीला बैलाला घालतोस ना, तसं."

लोकांच्या दारातलं खायला तोंड वळलं की मुसकं घालायचं. गेनबानं तेही डोक्यात पक्कं बसवलं. शिवाय वेळेला हाताशी असावं म्हणून सुतळीच्या जाळीचं एक मुसकं खांद्यावरच टाकून हिंडायला लागला.

मग हौसाचं डोहाळजेवण आलं. तिला हिरवी साडी नेसवली, फुलांच्या वाड्या घातल्या. झोपाळ्यावर बसवून बायकांनी गाणी म्हटली. ओसरीवर पुरुषांची पंगत बसली. हौसाचे मामा, शिरपतीमामा, लांबून आले होते. मोठा मानाचा माणूस. पिळदार मिशा आणि मिशांखाली गेनबाला मागं टाकील असं पोट.

पक्वान्न होतं बासुंदी.

गेनबाच्या ताटात भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. तो मुकाट्यानं जेवत होता. बासुंदीची वाटी समोरून गेली, की डोळे मिटायचा. अहो, काय सोसलं असेल त्यानं! मामांनी एक वाटी संपवली. दुसरी संपवली. तिसरीला त्यांनी हात पुढं केला आणि गेनबानं डोळे उघडले.

दार कुणाचं? आपलं. मामांचं? नव्हे. खायला तोंड वळलं? वळलं.

गेनबा उठला. मागून गेला. मामांनी वाटी ओठाला लावायला आणि त्यानं मुसकं चढवायला एकच गाठ पडली. मानेमागं त्यानं चांगली निरगाठही मारली. बासुंदी मिशांतून सुतळीत आणि सुतळीतून सदऱ्यावर आली.

"आरं, आरं! मी काय मळनीचा बैल हाय?" मामा जाळीतून ओरडले.

"न्हाई मामा. बैल मुकाट्यानं घालून घेतो."

मामा तसेच ताडकन उठले, बैलगाडीत बसले आणि निघाले. निरगाठ सुटायला वेळ लागला, म्हणून वेशीपर्यंत शिव्याही जाळीतूनच दिल्या.

हौसा झोपाळ्यावर बसून रडायला लागली. फुलांच्या वाड्या गळून पडल्या.

"मी रोज देवाला हात जोडते, ह्यांना धडधाकट ठेव, पोराच्या डोक्यावर बापाचा हात राहू दे. आणि तुमी माझ्या मामाला मुसकं घालता? आता कोनाकोनाचं ऐकणार? आजपासनं माझं ऐकू नका, सासूबाईंचं ऐकू नका, काकूंचं तर ऐकूच नका. फकस्त वैद्यबुवा सांगतील तेवढंच करायचं. घ्या शपथ!"

तिला रडताना बघून गेनबाही रडला. त्यानं पोटातल्या पोराची शपथ घेतली.

आणि शपथ पाळली हो त्यानं. म्हैस व्याली. पहिल्या चिकाचा खरवस अख्ख्या आळीनं खाल्ला, मामांकडंही माफी म्हणून डबा गेला, पण गेनबा त्या वेळी ओढ्याकडं चालत सुटलेला. परत आला तेव्हा डबे धुऊन पालथे घातले होते. तो गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून हुंदके देत राहिला, पण दुधात बोट बुडवूनसुद्धा चाखलं नाही.

पुढं हौसाही सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. गोल चेहरा, बापाचं नाक.

बारशाचा दिवस उजाडला. आळीतल्या सगळ्या बायका आल्या, अनसूयाकाकूसुद्धा आल्या. शिरपतीमामाही आले, पण जरा लांब बसले. वैद्यबुवा आले आणि त्यांनी दारातच गेनबाला आपादमस्तक न्याहाळलं. पोट सपाट. पायांना सूज नाही. दम लागत नाही.

"शाब्बास, गेनबा! जिंकलास की रे. बघ आता बारसं डोळे भरून."

गेनबाचा ऊर भरून आला. पण जिभेचं काय? महिनोन् महिने दुधाचा थेंब नव्हता हो तिला. त्याला आता दूध सोडून दुसरं काही सुचत नव्हतं.

वैद्यबुवा आत गेले आणि बाळंतिणीला सांगायला लागले. गेनबा दाराआड कान देऊन उभा. वैद्यबुवांचा शब्द, एकही सुटता कामा नये.

"हे बघ पोरी, आईचं दूध. त्याच्यासारखं दुसरं काही नाही. भूक लागेल तेव्हा द्यायचं, मागेल तेवढं द्यायचं."

गेनबाचे डोळे चमकले. तो आत घुसला. "वैद्यबुवा, आईचं दूध चालतं?"

वैद्यबुवा बाळाचे डोळे तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "चालतं काय विचारतोस? तेच पाहिजे!"

"जनावराचं धरत न्हाईत ना ते?"

"अरे वेड्या, आई काय जनावर असते?"

"न्हाई बुवा," गेनबा म्हणाला. त्याला आनंदानं रडूच कोसळलं. एवढे दिवस घरातल्या घरात इलाज होता आणि आपण ओढ्याकडं चालत सुटत होतो!

तो धावत स्वयंपाकघरात गेला. फळीवरची सगळ्यांत मोठी चरवी काढली, राखेनं घासली, लख्ख धुतली.

तोवर बाहेर सजवलेल्या पाळण्यात पोरीला घातलं होतं. कोंडाबाई नव्या लुगड्यात पाटावर बसली होती. तोंडात एक दात नाही, अंगावर सगळ्या सुरकुत्या, पण नातीचा पाळणा हलवत झोकात गात होती. बायकांनी नुकताच "कुर्रर्र" केला होता. एवढ्यात गर्दीतून वाट काढत गेनबा आला, म्हातारीच्या पुढ्यात मांडी घालून बसला आणि चरवी तिच्या मांडीवर ठेवली.

गाणं थांबलं. पाळणा थांबला. "हे काय रं?" म्हातारीनं विचारलं.

"आई, भूक लागलीया. वैद्यबुवांनी सांगितलंय, मागेल तेवढं द्यायचं."

"काय द्यायचं?"

गेनबानं सांगितलं.

मामांच्या हातातलं पान गळून पडलं. अनसूयाकाकूंनी तोंडाला पदर लावला. वैद्यबुवा दारातून मागच्या मागं आत वळले. कोंडाबाईचा जबडा उघडाच राहिला. तिचा एक हात सावकाश काठीकडं सरकायला लागला.

गेनबाला वाटलं, म्हातारी चरवीचं माप बघून कचरतीय. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तो मायेनं म्हणाला, "आई, चरवी भरून नसलं तरी चालंल गं. निम्मं आत्ता पितो, निम्म्याला विरजण लावू."