शेक नको म्हणणारी तपेली

हातोडे आणि भांडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळी सखोबा तांबटाकडे एक पितळी तपेली घडत होती. घाव खाऊन खाऊन ती टणक झाली होती आणि त्याचाच तिला भारी तोरा होता.

ठोकून कडक झालेलं भांडं सखोबा मधूनच भट्टीत शेकून काढी, म्हणजे पुढचे घाव त्याला सोसत. तपेलीची पाळी आली, तशी ती हळूच घरंगळत शेकून झालेल्या भांड्यांत जाऊन बसली.

"अगं, जा की भट्टीत," हातोडा कळवळून म्हणाला. "तू पार ताठरलीस. पुढचा घाव घालू तरी कसा?"

"खुशाल घाल! शेक लागतो बाळंतिणीला. मी काय बाळंतीण आहे?"

सखोबाने तिला शेकलेली समजून खोल करायला घेतलं. पहिल्या घावाला तपेली ऐटीत खणखणली. दुसऱ्या घावाला काठापासून बुडापर्यंत तडकली.

सखोबाने कपाळावर हात मारला. पण टाकून देववेना, म्हणून त्याने तिची शेगडी केली. तेव्हापासून ती दिवसभर निखारे मांडीवर घेऊन बसू लागली. धगीने तिचं अंग इतकं मऊ पडलं, की चिमटा टेकला तरी पोचा येई. तडा मात्र होता तिथेच राहिला.

एके दिवशी एक अर्धवट घडलेली परात ठणकावून म्हणाली, "मला नाही लागत शेकबिक!"

"कशाला लागेल, बाई?" तपेली म्हणाली. "मलाही नव्हता लागत. बघ ना, कशी अखंड राहिले! ये, बैस शेजारी. सखोबाला आणखी एक शेगडी हवीच आहे."