लाल पान

"पण बुवा, पान देखणं दिसायला नको का?"

हेरंब लॅपटॉप घेऊन दामूबुवांसमोर बसला होता. हेरंब पुण्याचा, शिकलेला, आणि विचारण्याआधीच उत्तर देणारा. बुवांच्या मठाने दशावतारी कलावंतांचा विकी, म्हणजे इंटरनेटवरचा सगळ्यांचा कोश, सुरू केला होता. कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं सुधारावं. त्याच्या खाणाखुणा हेरंबला तोंडपाठ होत्या. बरोबरची चिन्हं दिली की मथळा, दुहेरी चौकटी कंस दिले की दुवा. आपल्याइतकं हे कोणाला जमत नाही, हेही त्याला तोंडपाठ होतं.

"मथळे सरळ केले," तो म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे ते लाल शब्द घालवले."

"कसले लाल?"

"यादीतल्या नावांना कंस होते, पण त्या नावांची पानं कोणी लिहिलेलीच नाहीत. मग ती लाल दिसतात. पानाला गोवर आल्यासारखं! मी कंस पुसले. आता सगळं काळं. एक डाग नाही."

बुवांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छान... चल, पानं मांड. भूक लागली."

मठात त्या दुपारी दोघंच होते. हेरंबने केळीची दोन पानं मांडली.

"आणखी एक," बुवा म्हणाले.

"कोण येणार आहे?"

"मला काय ठाऊक?"

"मग रिकामं पान कशाला? बरं नाही दिसत ते."

"हं..."

हेरंबने कपाळाला आठ्या घालत तिसरं पान मांडलं.

भात वाढणार, इतक्यात दारात शैला राऊळ आली. हातात मोबाइल. पायरीवरच उभी राहिली.

"बुवा, माझ्या बापाशीचा नाव लाल होता. आज काळा झाला. कोणी केला?"

तिचे वडील, बाबली राऊळ, दशावतारात राणीचं काम करायचे. ते गेले त्याला फार दिवस झाले नव्हते.

"मी केलं, ताई," हेरंब म्हणाला. "लाल म्हणजे पान नाही. ते वाईट दिसत होतं."

"माका वाटला, ती जागा माझ्यासाठी ठेवलेली आसा. आज लिवूक बसलंय, तर... आता नको आसात तर ऱ्हवांदे."

ती वळली.

बुवा तिसऱ्या पानाकडे बघत राहिले.

हेरंबनेही तिकडे पाहिलं. त्याचे कान तापले.

"थांबा, ताई!"

त्याने लॅपटॉप ओढला. बाबली राऊळ या नावाच्या अलीकडे दोन कंस घातले, पलीकडे दोन. जतन केलं. नाव लाल झालं.

मग वर पाहत तो हळूच म्हणाला, "यावर टिचकी मारा, कोरं पान उघडेल. पुढचं तुम्ही."

शैला उंबऱ्यापाशी आली. लाल नावाकडे बघता बघता तिचे डोळे भरले.

"पण माका सुद्द लिवूक येणा नाय, बुवा."

बुवांनी भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"बस गो बाय. पान मांडलेला आसा."